बिनदुधाचा चहा

गाव सोडलं त्या सकाळी यष्टी सुटायला आली तरी आमची ही वर चढेना. मी वर, ट्रंक वर, तांदळाची गोणी वर. ही खाली उभी. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला गवती चहाचा ठोंब, मुळं मातीसकट. कंडक्टर म्हणाला, झाड टपावर टाका. ही म्हणाली, "टपार सुकात. माका मांडयेर घेवन बसाक दी, नायतर मी येवचंय नाय." कंडक्टर आमच्याच बाजूचा. म्हणाला, "बस गे आये, बस. झाडाचां तिकीट नाय मागणंय." मग ती चढली.

धाकटा भाऊ वसंत सोडायला आला होता. त्याच्या बायकोनं तांब्यातनं चहा आणला होता, गुळाचा, कोरा. एकच कप. आळीपाळीनं सगळे प्यालो. वसंत खिडकीला धरून म्हणाला, "दादा, वर्साक एकदा चाय पिवक तरी ये." मी म्हटलं, येतो. गेलो नाही. एकदा गेलो, तो तिच्या अस्थी घेऊन.

आपल्या मंडळाचे सेक्रेटरी घरी आले होते. म्हणाले, अंक काढतोय, गाव सोडल्याची आठवण लिहा, गावातले वाचतील, मुंबईवाले वाचतील. मी चौथी पास. सुनेची जुनी वही घेतली आणि बसलो. चुकलंमाकलं सेक्रेटरी दुरुस्त करतील. लिहायला बसलो तर मला चहाच आठवतोय. म्हणून चहाचंच लिहितो. हसायचं तर हसा.

तुम्ही मला बाबी तारी म्हणून ओळखता. खाडीवर होडी माझी होती. ह्या काठाची माणसं त्या काठाला न्यायची, त्या काठाची ह्या. बापानं तेच केलं, त्याच्या बापानं तेच. आमच्या घरात दूध कधी नव्हतं. म्हैस पोसायची ऐपत नव्हती आणि गाय देई ते वासराला पुरत नसे. बाप म्हणायचा, दूध वासराचं, चहा आपला. म्हणून आम्ही कोराच प्यायचो, आणि तो कोरा आहे हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. चहा म्हणजे तोच.

पण एकाच चहाचे हिनं इतके चहा केले. पहाटे पहिल्या फेरीच्या आधी गवती चहा घातलेला, गरम, पितळी पेल्यात. पेला हाताला चटका द्यायचा म्हणून पंचाच्या टोकात धरायचा. तेव्हा गूळ आत नसायचा. गुळाचा खडा दाढेखाली धरायचा आणि वरून चहा सोडायचा, खडा पुरवून पुरवून. दुपारी उन्हातनं आलो की त्यातच लिंबू पिळून मिठाची कणी. थंडीत आलं ठेचून. ताप आला की मिरी आणि तुळस, मग तो प्यायला जीव नको म्हणायचा. आणि होडीवर न्यायला बाटलीत भरलेला, गार. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून दोरीनं पाण्यात सोडायची. भर दुपारी खाडीच्या मध्ये वल्हं सोडून तो गार चहा प्यालो आहे मी. बरोबर खोबऱ्याचा तुकडा. तसं मला पुन्हा कुठं लागलं नाही. आता म्हणाल, सांग कसं लागायचं. ते सांगता येत नाही. लागायचं.

मग खाडीवर पूल झाला. चांगलं झालं. आजारी माणूस होडीत कण्हायचा ते थांबलं. पहिल्या दिवशी पुलावरनं मीही चालत गेलो आणि आलो. दुसऱ्या दिवशी होडीत बसलो, कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी वसंत म्हणाला, "दादा, कोणाची वाट बघतंस?" मुलगा मोहन मुलुंडला कारखान्यात फिटर. त्याला तळमजल्याची जागा मिळाली होती, सोसायटीत. त्यानं पत्र टाकलं, दोघं या. होडी वसंतला दिली. त्यानं पुढं तिची लाकडं चुलीत घातली असतील. मी विचारलं नाही.

मुलुंडला आलो. घर चांगलं. नळ घरात, संडास घरात, गॅस. मागं डोंगर दिसायचा, म्हणून हिला बरं वाटलं. गॅलरीत तुपाच्या रिकाम्या डब्यात हिनं ठोंब लावला. आठ दिवस सुकून पडला होता, मग एक हिरवी पात आली. ही मला उठवून दाखवायला घेऊन गेली. मी म्हटलं, दिसली, आता झोपू दे.

आता ते सांगतो ज्यासाठी हे लिहितोय.

घराची पूजा होती, सत्यनारायण. सोसायटीतली माणसं यायची होती. ऑफिसात जाणारी, चांगली शिकलेली. मोहन घाबरलेला. सून शैला नव्या साडीत प्रसादाकडं. ही म्हणाली, चहा माझ्याकडं. पहाटे उठली. गावचा गूळ होता तो काढला. वेलची कुटली. गवती चहाच्या अजून धड वाढायच्या होत्या त्या पाती कापल्या. आपल्याकडं पाहुणा आला की जेवढं चांगलं करता येईल तेवढं केलं. आणि कप भरून ट्रे घेऊन स्वतः बाहेर आली.

पहिला कप समोरच्या लेलेबाईंना. लेले म्हणजे पार्ल्याहून आलेली माणसं, नवरा बँकेत. लेलेबाईंनी कपात बघितलं. मग हिच्याकडं बघितलं.

"अगंबाई, दूध नाही? आज चांगल्या दिवशी कोरा चहा? आमच्याकडे हा मयताच्या घरी देतात हो."

वाईट मनानं नाही बोलल्या. तोंडातनं निघालं. पण त्यांनी कप खाली ठेवला. मग दुसरीनं ठेवला. मग सगळ्यांनी. आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पेज आणतात, हे तुम्हाला माहीत आहे. चहात दूध नाही यानं कोणी मेलं हे आपल्या गावात कळलं नसतं, नाहीतर रोजच सुतक. पण इथं ती खूण होती. आम्हाला कसं कळणार?

मोहनचं तोंड पडलं. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "अक्कल काय खाडीत बुडवून आलीस? दूध नाय घरात? भिकारी आहोत आपण? पुन्हा या घरात बिनदुधाचा चहा करायचा नाही."

ही ट्रे घेऊन पुन्हा फिरली. एकेक कप उचलला, आत नेला, परत टोपात ओतला. बाहेर ऐकू येत होतं ओतल्याचं. मग दूध घालून पुन्हा आणला. सगळ्यांनी घेतला, छान झालाय म्हणाले. रात्री मी म्हटलं, तसं नव्हतं म्हणायचं मला. म्हटलं का? नाही. म्हणायचं मनात होतं. तीच म्हणाली, "बरां." कशाला बरां ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुधाचा चहा. ती करायची, मी प्यायचो, ती प्यायची. दूध आणायचं काम माझं. पहाटे केंद्रावर रांग, हातात कार्ड, रिकाम्या बाटल्यांची खडखड, भरलेल्या घेऊन घरी. पुढं बाटल्या गेल्या, पिशव्या आल्या. मी इतकी वर्षं रांगेत उभा राहिलो, आणि रांगेत एकदाही मनात आलं नाही की हे दूध कोणाला हवंय. मला सवय झाली. दुधाचा चहा वाईट नसतो. पोटाला जड जातो, बाकी काही नाही. मधे केव्हातरी वाटलं, म्हणावं हिला, कर गो एकदा आपला. सोपं होतं. चार शब्द. पण एकदा बोललेलं मागं घ्यायचं म्हणजे नवऱ्याला जड. मी आज-उद्या करत राहिलो. ती काही मागत नव्हती, मग मला काय घाई?

लेलेबाईंशी तिचं पुढं चांगलं जमलं. गवती चहाचा ठोंब वाढला तसा फोडून तिनं एक त्यांना दिला. दुपारी मी झोपायचो, ती त्यांच्याकडं जायची. तांदूळ निवडायला, कुरडया घालायला. मला वाटायचं, बायकांच्या गप्पा.

मग ती आजारी पडली. काय आजार ते लिहीत नाही. पोटात काही ठरेना. घाटकोपरला दवाखान्यात ठेवली. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. म्हणाला, दूध बंद, पाहिजे तर काळा चहा द्या थोडा. मी खाटेपाशी उभा. हिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "चलात मां?"

म्हणजे बघा. इतक्या वर्षांनी, त्या खाटेवर, ती मला विचारते, चालेल ना?

तेव्हा तरी म्हणायचं होतं. मी काय म्हणालो? म्हणालो, "डॉक्टर म्हणतायत तर घे." परवानगी डॉक्टरनं दिली. मी नाही दिली.

दुसऱ्या दिवशी घरी मी स्वतः चहा केला. जन्मात पहिल्यांदा. पाणी, पाती, पावडर, गूळ, सगळं एकदम टाकून उकळत ठेवलं. शैला म्हणाली, बाबा, मी करते. म्हटलं, तू हो बाजूला. थर्मासमधे भरला, बसनं गेलो. तिनं एक घोट घेतला आणि हसली. खरंच हसली. "ह्यां काय केलात? काढो?" पण प्यायली. तीन दिवस नेला. तीन दिवस तेच म्हणाली, काढो. चौथ्या दिवशी गेलो तर खाट रिकामी करत होते. थर्मास तसाच परत आणला. तो कोणी उघडला, कोणी ओतला, मला माहीत नाही.

घरी माणसं जमली. स्मशानातनं आलो, आंघोळ झाली, बसलो. समोरचं दार उघडलं आणि लेलेबाई मोठा टोप घेऊन आल्या, फडक्यात धरून. मागून त्यांचा नवरा कप घेऊन. कोरा चहा. सगळ्यांना दिला. सगळ्यांनी घेतला. मी बघत होतो. तीच माणसं, सोसायटीतली. कोणी कप खाली ठेवला नाही. सगळे रिकामे झाले. मलाही दिला. वास आला, गवती चहाचा, गुळाचा. मी म्हटलं मनात, हाच तो, मयताचा. नाही घेतला. गार झाला, कोणीतरी उचलून नेला.

रडलो नाही. लोक म्हणाले, रडून घ्या भाऊ. येत नाही तर काय करू. अजून नाही आलं.

दिवस झाले. तेरावा झाला. चौदाव्या दिवशी सकाळी लेलेबाई कप घेऊन आल्या, दुधाचा.

"घ्या भाऊ. सुतक फिटलं. आता दुधाचा घ्यायचा, अशी रीत आहे."

मी म्हटलं, "मला दूध नको."

"म्हणजे? तुम्हालाही कोरा चालतो?"

"मला काय झालं न चालायला?"

"नाही, वहिनी म्हणायच्या, आमच्याकडे चालत नाही. म्हणून तर माझ्याकडे यायच्या ना दुपारी."

मी विचारलं, कशाला यायची? त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय.

"कशाला म्हणजे? चहाला! रोज. आमच्या ओट्याखाली पाट टाकून बसायच्या. कधी लिंबाचा, कधी मीठ घालून. आणि गूळ मेला आत नाही घालायच्या, तोंडात धरायच्या, लहान मुलीसारख्या. मी म्हणायची, अहो दात पडतील. मला म्हणायच्या, लेलेबाई, बोलू नका, खडा विरघळतो. कधी उरला तर बशीत गार करून, डोळे मिटून. मी विचारलं एकदा, डोळे का मिटता? तर म्हणाल्या, होडी हलते जरा."

होडीत ती किती वेळा बसली असेल? डबा घेऊन यायची तेव्हा. मी वल्हं सोडायचो, दोघं बाटलीतला प्यायचो. मी हे वर लिहिलं तेव्हा मी एकटा प्यालो असं लिहिलं. ती होती. खोडत नाही, तसंच राहू दे.

मी लेलेबाईंना म्हटलं, पूजेच्या दिवशी तुम्ही कप खाली ठेवलात, म्हणालात मयताचा चहा, म्हणून मी तिला बंदी केली. इतकंच म्हटलं. आवाज चढवला नाही.

"कुठली पूजा?" त्या म्हणाल्या. मग आठवायला लागल्या. आठवेना. "मी असं म्हणाले? मी? अहो, मला मेलीला आठवतसुद्धा नाही. आणि त्या कधी बोलल्या नाहीत. इतकी वर्षं माझ्याच स्वयंपाकघरात बसून..." त्या आमच्या दारातच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. त्यांना रडू आलं. मी उभा होतो, त्यांचा दुधाचा कप हातात धरून. कप कुठं ठेवावा ते कळेना.

जरा वेळानं त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी आणला तो मयताचा नव्हता हो भाऊ. त्यांचाच होता. त्यांच्याच ठोंबाच्या पाती. मला वाटलं, शेवटचा सगळ्यांनी त्यांच्यासारखा केलेला प्यावा. तुम्हीच नाही घेतलात."

नाही घेतला खरा.

त्याच दिवशी त्यांना म्हटलं, दाखवा मला ती कसा करायची. लाजायचं काय राहिलं होतं? त्यांनी आमच्या गॅसवर दाखवलं. पाणी उकळू द्यायचं. पातीची गाठ मारायची, म्हणजे काढायला सोपी. पाती टाकून एक कढ, लगेच गॅस बंद. मग पावडर, आणि वर ताट. पावडर उकळायची नाही. मी उकळली होती, म्हणून काढा. एवढंच. होडी वल्हवायला मला बापानं दोन वर्षं शिकवलं, हे पाच मिनिटांत झालं.

मी सकाळी करतो आता. एकट्यापुरता. शैला, मोहन दुधाचा पितात, त्यांच्यासाठी पिशवी मीच आणतो. पहिले काही दिवस मोहन म्हणायचा, "बाबा, सुतक फिटलं, आता घ्या ना दूध, लोक काय म्हणतील." मी पीत राहिलो. मग तोही थांबला. खरं सांगू? तसा लागत नाही. बरोबर करतो, लेलेबाईंनी चाखून सांगितलं बरोबर आहे, पण जीभच मेल्यासारखी आहे. गरम लागतो, गोड लागतो. बाकी काही लागत नाही. लिंबू घालून बघितलं, मीठ घालून बघितलं. आलं घातलं. गार करून बाटलीत भरला आणि फ्रीज आहे त्यात ठेवला, खाडीऐवजी. प्यालो. गार लागला.

वर्ष झालं. पुन्हा सत्यनारायण ठेवला मोहननं. चहा कोण करणार म्हणून शैला विचारत होती, मी म्हटलं, माझ्याकडं. तिनं मोहनकडं बघितलं. मोहन म्हणाला, "करू दे त्यांना." पहाटे उठलो. गूळ वसंतनं पाठवला होता गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर. पातीच्या गाठी मारल्या. कप भरले. बशीत गुळाचे खडे ठेवले. ट्रे घेऊन मी बाहेर आलो. एक थेंब सांडला नाही.

वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, तिथली बाई पहिली बसली होती. तिनं कपात बघितलं आणि शेजारणीला हळूच विचारलं, "कोणी गेलंय का यांच्याकडे?"

मी ऐकलं. म्हटलं, "गेली. वर्ष झालं. पण हा त्याचा चहा नव्हे. हा आमच्या घरचा. आमच्याकडं चांगल्या दिवशी हाच करतात. घ्यायचा तर घ्या, नाहीतर ठेवा, मला राग नाही."

मग लेलेबाई पुढं आल्या. ट्रेमधनं कप घेतला, खडा उचलला, सगळ्यांसमोर तोंडात टाकला आणि गाल फुगवून म्हणाल्या, "बघताय काय? गार होतोय." कोणीतरी हसलं. त्या नवीन बाईनंही घेतला मग.

मला वाटलं होतं, त्या वेळी काहीतरी वाटेल. छातीतलं हलेल. नाही हललं. कप आत नेले, धुतले. ओतायला काही उरलं नव्हतं.

सेक्रेटरी म्हणाले होते, शेवटी लिहा, आता तुम्हाला घर कुठलं वाटतं, गावचं की मुलुंडचं. बरीच माणसं म्हणे लिहितात की मन गावातच आहे. मी विचार केला. गावात चूल वसंतची आहे, खाडीवर पूल आहे. मुलुंडला नळ आहे, मुलगा आहे. मला दोन्ही सारखंच. पण हिला विचारलं असतं तर? ती इथं सहा-सात वर्षं माझ्या घरात राहिली आणि तिचं घर समोर होतं, लेल्यांच्या ओट्याखाली, एका पाटावर. मधे जिनाही नव्हता, दोन पावलं होती. मी दुपारचा झोपलेला असायचो.

जिथं आपला चहा कोणाला विचारून प्यावा लागत नाही, ते घर. मला एवढंच कळलं. ते तिला मी दिलं नाही, लेलेबाईंनी दिलं.

गावाहून कोणी मुलुंडला आलात तर या. तळमजला, गॅलरीत तुपाचा डबा आहे, आता दोन आहेत, पाती बाहेर आलेल्या दिसतात. या घरात बिनदुधाचा चहा चालतो.